कोम्प्रो, पण कोणता?

स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ या तीनपैकी एका प्रत्ययाने संपते. साधा भूतकाळ करताना हा शेवट काढायचा आणि उरलेल्या धातूला कर्त्याप्रमाणे नवा प्रत्यय लावायचा. ‘कोम्प्रार’ म्हणजे विकत घेणे. मी घेतलं, ‘कोम्प्रे’. तू घेतलंस, ‘कोम्प्रास्ते’. त्याने किंवा तिने घेतलं, ‘कोम्प्रो’. आम्ही घेतलं, ‘कोम्प्रामोस’. तुम्ही घेतलंत, ‘कोम्प्रास्तेइस’. त्यांनी घेतलं, ‘कोम्प्रारोन’. यातले पाचवे रूप मुख्यतः स्पेनमध्ये चालते. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’लाही सहावेच रूप लावतात, त्यामुळे तिकडची स्पॅनिश शिकणाऱ्याचे पाठांतर एका रूपाने कमी होते.

मराठीतून येणाऱ्याला इथे मोठी सूट मिळते. आपण आंबा घेतला, साडी घेतली, पुस्तक घेतलं असे म्हणतो, म्हणजे क्रियापद कर्माच्या मागे जाते. स्पॅनिशमध्ये तिन्ही वस्तूंना ‘कोम्प्रे’ पुरते. बोलणारा पुरुष आहे की बाई, हेही क्रियापद विचारत नाही. ‘गेलो’ आणि ‘गेले’ असा भेद तिथे नाही. कर्ता वगळण्याची सवय तर दोन्हीकडे आहेच. ‘घेतलंस’मधल्या ‘स’वरून ‘तू’ कळतो, तसाच तो ‘आस्ते’वरूनही कळतो.

मला अवघड गेला तो आघात. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कानाला ती सवयच नसते. ‘कोम्प्रो’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटले तर ‘मी घेतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘त्याने घेतलं’. काळही बदलतो आणि माणूसही. रोमन लिपीत शेवटच्या स्वरावरची तिरकी रेघ हा फरक दाखवते. देवनागरीत उच्चार लिहून घेणाऱ्याच्या वहीत मात्र दोन्ही शब्द एकसारखेच दिसतात. पाठ करायचे तर मोठ्याने म्हणूनच करावे. या आघाताचे कारण लॅटिनमध्ये आहे. तिथे हे प्रत्यय ‘आवी’, ‘आवित’ असे लांब होते आणि जोर ‘आ’वर पडे. प्रत्यय झिजून ‘ए’ आणि ‘ओ’ एवढेच उरले, जोर मात्र जागचा हलला नाही.

‘एर’ आणि ‘ईर’ या गटांचे भूतकाळी प्रत्यय सारखेच आहेत. ‘कोमेर’ म्हणजे जेवणे, खाणे: कोमी, कोमिस्ते, कोमियो, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन. ‘बिबीर’, म्हणजे राहणे किंवा जगणे, त्याच वाटेने जाते.

‘आम्ही’चे रूप थोडे फसवे आहे. ‘कोम्प्रामोस’ आणि ‘बिबिमोस’ वर्तमानकाळातही तशीच असतात. ‘आयेर’, म्हणजे काल, असा एखादा शब्द शेजारी असला की अर्थ उलगडतो. ‘कोमेर’चा वर्तमान ‘कोमेमोस’ असल्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. काही क्रियापदांच्या पहिल्या रूपात फक्त लेखन बदलते. ‘बुस्कार’, म्हणजे शोधणे, याचे ‘बुस्के’ होताना ‘सी’ हे अक्षर जाऊन ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात, कारण ‘ई’ अक्षरापुढे ‘सी’चा उच्चार ‘क’ राहत नाही. उच्चार नियमितच असल्यामुळे याला अपवाद म्हणणे मला पटत नाही.

हा काळ घडून संपलेल्या गोष्टीचा. ‘घ्यायचो’ या सवयीच्या अर्थाला ‘कोम्प्राबा’ हे वेगळे रूप आहे, आणि ‘घेत होतो’लाही तेच चालते. मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. आज सकाळच्याच खरेदीबद्दल बोलताना माद्रिदचा माणूस बहुधा ‘घेतलं आहे’ या अर्थाचे जोडरूप वापरतो. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आइरेसमध्ये तिथेही ‘कोम्प्रे’च ऐकू येते.