यात्रेनंतर, मृगाआधी

नारायणगावात रेल्वे तेव्हाही नव्हती. म्हणूनच की काय, सत्तरच्या दशकात आमच्यासारख्या घरांतून रेल्वेचं वेळापत्रक एखाद्या कादंबरीसारखं वाचलं जायचं. पुण्याला नोकरीला असलेलं कुणीतरी ते स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणायचं. रात्रीची जेवणं उरकली की थोरले काका, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, चष्मा चढवून ओसरीवर बसत आणि कुठली गाडी कुठं किती वाजता पोचते ते मोठ्यानं सांगत. जायचं कुठंच नसे, तरी आम्ही पोरं ऐकत बसायचो.

गाडीत बसायचं ते लग्नाला, दवाखान्याला नाहीतर पंढरपूरला. नुसतं बघायला जायचं, हे शेतकऱ्याच्या घरात उघड बोलायची सोय नव्हती. अण्णांनी ते बोलून दाखवलं. बेत असा: एसटीनं पुणे, तिथून दिवसाच्या गाडीनं बोरघाट उतरून मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं पणजी, आणि परतताना दूधसागरावरून लोंढा, मिरज, पुणे. जाताना समुद्र, येताना डोंगर. पुणं सोडल्यावर एकही वाट दुसऱ्यांदा नाही.

पहिला विरोध आजीचा. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, ती बातमी तिच्या मनातून कधी पुसली गेली नाही. “पान्याच्या वाटंला कुठं मैलाचा दगुड आसतो का?” असं ती विचारायची. ‘रामदास’ भर पावसाळ्यात बुडाली, कोकणबोट पावसाळ्यात बंदच असते, हे अण्णांनी पटवून पाहिलं. उपयोग झाला नाही. शेवटी आईनं तोडगा काढला. बेतात मंगेशी आणि शांतादुर्गा घातल्या. देव आल्यावर आजी नरमली. शेजारपाजारी सांगायलाही बरं पडलं, की गोव्याला देवाला चाललोय.

मग तारखांचा घोळ. चैत्रात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागत, गावोगावचे यात्रेवाले सुपारी द्यायला येत, गाव माणसांनी फुलून जाई. त्यातच उन्हाळी कांदा काढायचा असे. गावच्या मुक्ताबाईची यात्रा घरच्या माणसांनी चुकवणं शक्यच नव्हतं. पुढं लग्नसराई. मृगाआधी रानं तयार हवीत आणि त्याच सुमारास बोटही बंद होणार. या सगळ्यातून मे महिन्यातला एक आठवडा मोकळा सापडला. गुरांची सोय मामांकडे लावली. काकूंनी भिशी लावून पैसे साठवले. तिकिटांसाठी भायखळ्याच्या भाजी मार्केटातल्या नातलगाला चिठ्ठी धाडली, तीही टपालानं नाही, माल घेऊन निघालेल्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती.

पुण्याहून निघाल्यावर खंडाळ्यापुढं सगळे खिडक्यांना चिकटलो. बोगदे मोजायची पैज लागली आणि कुणाचाच आकडा दुसऱ्याशी जुळेना. हा घाट १८६३ साली चालू झाला, आणि १९२९ पर्यंत गाडीला मध्येच थांबून उलट दिशेनं निघावं लागे, हे अण्णांनी आधीच वाचून ठेवलं होतं. डब्यातल्या अनोळखी माणसांनाही त्यांनी ते ऐकवलं.

भाऊच्या धक्क्यावर हमालांनी आधीच डेकवर चटया टाकून जागा धरल्या होत्या. ‘कोकण शक्ती’ आणि ‘कोकण सेवक’ ही त्या बोटींची नावं चाकरमान्यांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी होती. आत्याला बोट लागली. आवळासुपारी, लिंबू, सगळे उपाय झाले. आजी मात्र ठणठणीत. हर्णैसमोर पाण्यात उभा सुवर्णदुर्ग दिसला तेव्हा शिवनेरीच्या मुलखात वाढलेल्या आम्हाला महाराजांचं आरमार पहिल्यांदा खरं वाटलं. काही बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. पडाव येत, माणसं, पेट्या, फणस आणि तान्ही मुलं हातोहात खाली उतरत. रात्र डेकवर पडून काढली आणि सकाळी बोट मांडवीत शिरली.

परतीची गाडी मीटरगेज, डबे अरुंद, चाल संथ. मे महिना असल्यामुळे दूधसागराची धार अगदी बारीक होती. शेतीच्या सवडीनं निघालेल्याला धबधबा उन्हाळ्यातच भेटणार, त्याची तक्रार कुणी केली नाही. कॅसलरॉकला अण्णांनी दाखवलं, की १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत परमुलखाची हद्द इथं लागत होती. १९७१ पासून मिरज-पुणे मार्ग ब्रॉडगेज झालेला, म्हणून मिरजेला गाडी बदलली. घरी आल्यावर आजीनं गावभर सांगितलं ते समुद्राचं. मंगेशीचा विषय दुसऱ्यांनी काढला तरच निघायचा.

ऐंशीच्या दशकाअखेरीस ती बोट बंद पडली. मीटरगेजही गेली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कोकणाला मुंबई जवळ आली. पुणे-नाशिक रेल्वेची आमच्या भागात अनेक वर्षं चर्चा झाली. पण खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला त्रास होऊ नये म्हणून आखलेला मार्गच बदलायची वेळ आली. आता घरातली मुलं फोनवर तासाभरात महिन्याची सहल ठरवतात. देवाची सबब त्यांना लागत नाही, आणि ते चांगलंच आहे. अण्णा-आजीच्या पिढीला नुसतं बघायला जायची परवानगी कुणी दिली नव्हती. देवाला पुढं करून तिनं ती स्वतःच मिळवली.

ते वर्तुळ आजही पुरं करता येतं. डेक्कन क्वीनला २०२१ पासून काचेच्या छताचा विस्टाडोम डबा आहे, मुंबईहून गोव्याकडे क्रूझ जाते आणि गोवा एक्सप्रेस दूधसागरावरूनच मिरजमार्गे पुण्याला येते. तुमच्या घरात डेकवर झोपून पणजीला गेलेलं कुणी असेल, तर या वेळचा बेत त्यांना आखू द्या आणि खिडकीची जागाही त्यांनाच द्या.