'फोटो पाठवतो' म्हणणं मी का सोडलं

घर बघायचं काम घेणाऱ्याचं, हे माझं पक्कं मत होतं. डोंबिवलीत एजंट म्हणून काम सुरू केलं तेव्हापासून मी ते ठासून मांडत आलो. पैसे त्याचे, कर्ज त्याच्या डोक्यावर, राहणार तो. मग भिंतीला हात लावून बघायचं तेही त्यानेच. आपण दोन पार्ट्यांना एका टेबलावर आणायचं. चावी वॉचमनकडे, फोटो ग्रुपवर, भाव फोनवर, आणि जमलं की टोकन. यात एजंटाने आधी एकट्याने जाऊन घर बघण्याची गरज मला दिसत नव्हती.

आज माझं मत याच्या अगदी उलट आहे. जे घर मी स्वतः पाहिलेलं नाही, त्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही. फोटोही पाठवत नाही.

आधीच्या मताला कारणं होती आणि ती खोटी नव्हती. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नावं लोकलच्या इंडिकेटरवर जवळजवळ दिसतात. पण घोडबंदर रोडवरचं एक घर, कळव्याचं दुसरं आणि कल्याण पूर्वेचं तिसरं एका दिवसात करायला निघालात तर अर्धा दिवस रस्त्यावर जातो. शिळफाट्याला अडकलात तर सगळाच. डोंबिवलीचा कोपर पूल 2019 मध्ये बंद झाला तो 2021 मध्ये उघडला, कल्याणचा पत्रीपूल 2018 मध्ये पाडला आणि नवा 2021 मध्ये सुरू झाला. त्या काळात पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. शिवाय रिसेलचा फ्लॅट आपल्या कानावर येईपर्यंत तो अनेक एजंटांच्या ग्रुपवर फिरलेला असतो. जो आधी फॉरवर्ड करेल त्याची पार्टी. 2020 च्या टाळेबंदीत तर आम्ही व्हिडिओ कॉलवर घरं दाखवली आणि सौदेही झाले. तेव्हा वाटलं, हेच पुढचं युग. आणि शेवटी, मी काही इंजिनिअर नाही. मी जाऊन तरी काय कळणार?

हे शेवटचं कारण आधी ढासळलं.

कल्याण पश्चिमेच्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके विकायचा होता. विकणाऱ्या काकूंना व्हॉट्सअ‍ॅप जमत नव्हतं, मुलगा परगावी, म्हणून फोटो काढायला मीच गेलो. हॉलमध्ये सगळं छान होतं. फोटो काढून निघणार तोच काकू म्हणाल्या, "बसा हो, चहा घेऊन जा. असे काय घोड्यावर बसून आलात?" बसलो. चहा होईपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही फोटोत आलं नसतं. पाणी पहाटे येतं आणि तासाभरात जातं, टाकीचं पाणी वरच्या मजल्यांना पुरत नाही. वरच्यांच्या बाथरूममधून देवघराच्या कोपऱ्यात ओल उतरते. मागच्या दिवाळीला रंग दिला, श्रावणात पुन्हा पोपडे आले. "तुम्हाला सांगायला नको होतं का मी हे?" त्यांनी मध्येच विचारलं. मी म्हटलं, "काकू, हेच सांगायला हवं होतं." मग त्यांनी देव्हारा बाजूला सरकवून ती भिंत दाखवली. नव्या रंगाखाली प्लास्टर फुगलेलं होतं, आणि बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येत होता.

त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. डोळे, कान, नाक आणि थोडा निवांतपणा पुरतो. पुढे तो फ्लॅट मी ओलीसकट सांगून विकला. घेणाऱ्याने वरच्या घरमालकाशी आधी बोलणं केलं, वॉटरप्रूफिंगचा खर्च भावातून वळता करून घेतला, आणि सौदा झाल्यावर कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. दोष सांगितला की गिऱ्हाईक पळतं, हेही मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. गिऱ्हाईक पळतं ते दोष त्याला स्वतःला सापडला की. मग त्याला वाटतं, यांनी अजून काय लपवलं असेल?

तेव्हापासून मी आधी एकटा जायला लागलो. गेलं की काय काय दिसतं ते सांगतो. खाली स्टिल्टमध्ये उभं राहून कॉलमकडे बघायचं: उभ्या चिरा, गंजलेली सळई, ताजं ताजं फासलेलं सिमेंट. सोसायटीचा नोटीस बोर्ड वाचायचा. थकबाकीदारांची यादी, लिफ्ट बंद असल्याची सूचना, स्ट्रक्चरल ऑडिटची नोटीस, सगळं तिथे टाचलेलं असतं. तीस वर्षांवरच्या इमारतीला हे ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. पालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते, त्यात सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करायची. त्या यादीतल्या इमारतीचाही हॉल फोटोत झकास दिसतो. कल्याणात वालधुनी नदीच्या किंवा खाडीच्या बाजूला घर असेल तर तळमजल्यावर मीटरची पेटी कुठे बसवली आहे ते मी बघतो. छातीच्या वर असेल तर वॉचमनला विचारतो, 2005 च्या 26 जुलैला पाणी कुठवर आलं होतं? 2019 ला? तो हात करून दाखवतो. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात तर मी संध्याकाळनंतर एकदा जाऊन येतोच. 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला ते हेच गाव, 2020 मध्ये रस्ता गुलाबी झाला तो इथलाच, आणि 2016 व 2024 चे कंपन्यांमधले स्फोट कुणी विसरलेलं नाही. फोटोला वास नसतो. रात्री बाल्कनीत उभं राहिलं की असतो.

आणि खिशात मोजपट्टी. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट म्हणजे आतली वापरायची जागा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात येत नाहीत. ग्रुपवरच्या मेसेजमध्ये मात्र कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप यांची खिचडी असते. पट्टी लावली की ती निवळते.

पण माझं मत खऱ्या अर्थाने पालटलं ते कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींच्या प्रकरणाने. पालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या जोडून महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली, आणि त्या नोंदणीच्या भरवशावर फ्लॅट विकले गेले. पालिकेच्या दप्तरात तसल्या परवानग्याच नव्हत्या. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी हे उच्च न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. आत हजारो माणसं राहत होती, कित्येकांचे बँकांचे हप्ते चालू होते.

हे वाचून माझ्या धंद्यातले बरेच जण म्हणाले, बघा, साइटवर जाऊन तरी काय उपयोग होता? इमारत तर उभी होती, माणसं राहत होती. हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. इमारत खरी होती आणि महारेराचा नंबरही खरा होता. खोटं होतं ते या दोहोंच्या मधलं. एजंट वेबसाइटवर नंबर बघतो, वकील कागदपत्रांची फाइल बघतो, बँक त्या फाइलवर कर्ज देते. म्हणजे जो तो कागद दुसऱ्या कागदाशी ताडून बघतो. मंजूर नकाशा हातात घेऊन इमारतीसमोर उभं राहायचं, मजले मोजायचे, बाजूला किती जागा सोडली आहे ते बघायचं, आणि तिथून पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ही परवानगी तुम्हीच दिली का असं विचारायचं, हे काम कुणाच्याच वाट्याचं नव्हतं. 2023 पासून महारेराने बांधकाम परवानगीची खातरजमा थेट पालिकांकडून करून घ्यायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण घेणाऱ्याच्या बाजूने ही फेरी मारणारा कुणीतरी हवा. पाच-दहा वर्षं तोच तोच परिसर पायाखाली घालणाऱ्या एजंटापेक्षा त्यासाठी योग्य माणूस मला दिसत नाही. नुसत्या भेटीने बनावट कागद उघडा पडतो असं मी म्हणत नाही. भेट झाली की प्रश्न तरी पडतात. न जाणाऱ्याला प्रश्नच पडत नाहीत.

कधी तर नुसतं समोर उभं राहणंही पुरतं. शीळच्या लकी कंपाउंडमधली इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 74 माणसं गेली. परवानगीशिवायची ती इमारत; वर बांधकाम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आली होती. समोर उभ्या राहिलेल्या कुणालाही ते दिसत होतं. कल्याण पूर्वेला मे 2025 मध्ये सप्तशृंगी इमारतीत वरच्या मजल्यावर लादीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला, तो खालचे मजले घेऊन खाली आला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर जुन्या इमारतीत कुठल्या घरात तोडफोडीचा आवाज आला की मी थांबतो आणि सेक्रेटरींना विचारतो, या कामाची परवानगी घेतली आहे का? आपल्या पार्टीचा फ्लॅट त्याच्या खाली असू शकतो.

घर आधी स्वतः बघायला कायदा आम्हाला भाग पाडत नाही. रेराचं नववं कलम एजंटाला नोंदणी करायला लावतं, दहावं कलम खोटी माहिती देऊ नका म्हणतं. 2023 पासून महाराष्ट्रात आमच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. पण हे सगळं मुख्यतः नोंदणीकृत नव्या प्रकल्पांभोवती फिरतं. डोंबिवलीच्या रामनगरात किंवा ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या सोसायटीतला फ्लॅट हातोहात विकला जातो तेव्हा तिथे महारेरा नसतो. तिथे फक्त एजंटाचा शब्द असतो. कॅलिफोर्नियात हाच प्रश्न न्यायालयात गेला होता. ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर, 1984. भराव टाकलेल्या जमिनीवरचं घर विकलं गेलं आणि नंतर जमीन सरकली. एजंटांनी उतारावरची जाळी आणि असमान फरशी पाहिली होती, पण खोदून विचारलं नाही. न्यायालय म्हणालं, घर स्वतः नीट डोळ्यांखालून घालणं आणि दिसलेलं घेणाऱ्याला सांगणं हे एजंटाचं कर्तव्यच आहे. पुढच्याच वर्षी तिथे तसा कायदा झाला. भिंत फोडून बघा असं तो सांगत नाही. जे सहज दिसतं ते बघा आणि सांगा, एवढंच. आपल्याकडे असा नियम यावा, रिसेललाही लागू व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

यात माझं नुकसान झालं का? झालं. हातात घरं कमी असतात. काही मालक म्हणतात, "तुम्हाला फोटो दिलेत ना, मग कशाला येताय?" त्यांचं घर मी घेत नाही. तरुण एजंट म्हणतात, "काका, तुम्ही जाईपर्यंत आमचं टोकन होतं." खरं आहे, होतं. पण आम्ही दोन्हीकडून टक्का-दोन टक्के घेतो. एखाद्या शिक्षकाच्या, रेल्वेतल्या माणसाच्या किंवा रोज 8.12 ची लोकल पकडणाऱ्या बाईच्या आयुष्यभराच्या बचतीतून ते पैसे निघतात. स्थळ सुचवणारा माणूस मुलगा न बघता सुचवायला लागला तर त्याला आपण घरात घेत नाही. मग घर न बघता घर सुचवणाऱ्याला दलाली कशाची द्यायची?

फोटो आणि व्हिडिओ यांच्याविरुद्ध माझं काही नाही. दुबईत किंवा पुण्यात बसलेल्या माणसाला दहा घरांतून तीन निवडायला ते उपयोगाचे आहेत. मी स्वतः अजूनही काढतो, फरक एवढाच की आता मी ओल आलेल्या कोपऱ्याचाही फोटो काढतो, आणि तो आधी पाठवतो.

तुम्ही ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठेही घर घ्यायला निघाला असाल, तर भाव विचारायच्या आधी एजंटाला एवढंच विचारा: हे घर तुम्ही स्वतः पाहिलंत का, कधी पाहिलंत, पाणी किती वाजता येतं आणि वर कोण राहतं? उत्तर म्हणून पुन्हा फोटोच आले, तर दुसरा एजंट गाठा.