सर्व्हिस बदलली की थांबायचं

अंगात काहीच दुखत नाही, असा दिवस टेनिस खेळणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. खांदा, मनगट, गुडघा, घोटा, यांतलं कोणी ना कोणी सकाळी उठल्याबरोबर हजेरी लावतंच. म्हणून ‘दुखतंय का?’ हा प्रश्न आमच्या कामाचा नाही. ‘सोसवेल का?’ हा तर त्याहून घातक, कारण त्याचं उत्तर आम्ही नेहमी ‘हो’ असंच देतो. लहानपणापासून सोसायचंच शिकलेलो असतो. त्यात सामना रंगला की फाटलेला स्नायूसुद्धा तास-दोन तास गप्प बसतो. मी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, छोट्या स्पर्धा खेळते. दुखऱ्या अंगाने कोर्टवर उतरायचं की नाही, हे ठरवायची वेळ आली की मी आता एकच गोष्ट बघते: माझा फटका बदललाय का?

पोटाचंच घ्या. उजव्या हाताने खेळणारीच्या पोटाच्या डाव्या बाजूला सर्व्हिस करताना मोठा ताण पडतो. चेंडू वर टाकला की पाठ मागे वाकते, पोटाचा उभा स्नायू पुरता ताणला जातो आणि दुसऱ्याच क्षणी, त्या ताणलेल्या अवस्थेतूनच, झटक्याने आखडतो. तो फाटतो तो बहुधा बेंबीच्या खाली. माझा दुखावला तेव्हा फोरहँड ठीक होता, बॅकहँड ठीक होता, धावताना काही जाणवत नव्हतं. फक्त बिछान्यातून सरळ उठता येईना. कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन उठावं लागे. दोन दिवसांवर स्पर्धा होती.

फिजिओताईंनी आधी खोकायला लावलं. मग विचारलं, “कसं वाटतंय?”

“दुखतंय ताई, पण सोसवतंय.”

“सोसवतंय का ते मी विचारलंच नाही. चल, सर्व्हिस करून दाखव.”

चेंडू चौकटीत पडत होते. मला वाटलं, जमलं. ताईंनी मोबाइलवर चित्रण केलं होतं. ते आणि माझं जुनं चित्रण त्यांनी शेजारी शेजारी ठेवून थांबवत थांबवत दाखवलं. मी चेंडू पूर्वीपेक्षा पुढे आणि खाली टाकत होते, म्हणजे पाठ वाकवायची वेळच येऊ नये. गुडघे जवळजवळ सरळ. कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरलेलं. यातलं काहीही मी ठरवून केलेलं नव्हतं. शरीराने मला न विचारता दुखरी जागा वगळून टाकली होती आणि तिचं काम खांद्यावर ढकललं होतं. सर्व्हिसचा जोर पायांतून निघतो आणि कंबर, धड, खांदा, मनगट असा वर चढत रॅकेटपर्यंत पोचतो. मधला एक टप्पा गळाला की पुढच्याला दुप्पट राबावं लागतं. पोट काही आठवड्यांत भरून येतं. खांदा बिघडला तर मोसम जातो, कधी कधी पुढचाही. मी स्पर्धेतून नाव काढून घेतलं.

या बाबतीत मी राफाएल नदालचं २०२२ साल पुन्हा पुन्हा आठवते. त्या वर्षी ५ जूनला त्याने पॅरिसमध्ये चौदाव्यांदा फ्रेंच ओपन जिंकली, ती पाऊल इंजेक्शनने बधिर करून. पावलातल्या हाडाचा तो जुनाट विकार, म्युलर-वाइस, त्याच्या चांगल्या परिचयाचा होता. वेदना थांबवली की त्याची सर्व्हिस, त्याचा फोरहँड जसाच्या तसा होता. आणि अशी इंजेक्शनं घेत पुढे खेळत राहणार नाही, हेही त्याने लगेच सांगून टाकलं. महिन्याभराने विम्बल्डनमध्ये पोटाचा स्नायू फाटला. ६ जुलैच्या उपांत्यपूर्व सामन्यात वडील बसल्या जागेवरून ‘सोड, थांब’ अशा खुणा करत होते. तो थांबला नाही. सर्व्हिसचा वेग उतरवून त्याने टेलर फ्रिट्झला पाच सेटमध्ये हरवलं. त्या सामन्याच्या गोष्टी लोक कौतुकाने सांगतात. मला मात्र मोठा वाटतो तो दुसरा दिवस. त्या वर्षीच्या तोवर झालेल्या दोन्ही ग्रँड स्लॅम खिशात, समोर उपांत्य फेरी, आणि ७ जुलैला त्याने माघार घेतली. सर्व्हिस हवी तशी करता येत नाही, अशाने आणखी दोन सामने जिंकता येणार नाहीत आणि दुखापत वाढेल, एवढंच कारण दिलं. पॅरिसला खेळला तेही बरोबर, लंडनला थांबला तेही बरोबर. मधला फ्रिट्झचा सामना मात्र आम्ही कोणी गिरवू नये.

पैशाचा विषय टाळून हे बोलता येत नाही. २०१७च्या विम्बल्डनमध्ये सेंटर कोर्टवर एकाच दिवशी जोकोविच आणि फेडरर यांचे पहिल्या फेरीतले प्रतिस्पर्धी, क्लिझान आणि डोल्गोपोलोव, सामना अर्धवट सोडून गेले. प्रेक्षक चिडले. पण पहिल्या फेरीत नुसतं उतरण्याचंच मानधन एवढं असतं की जखमी खेळाडूने घरी बसणं अवघड. पुढल्या वर्षीपासून ग्रँड स्लॅममध्ये नियम आला: सामन्याआधी माघार घेतली तर पहिल्या फेरीचं निम्मं मानधन मिळेल, उरलेलं निम्मं जागा मिळणाऱ्या बदली खेळाडूला. शहाणा नियम. आमच्या पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धांत असं काही नाही. पहिली फेरी जिंकली की एक गुण, आणि मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात. रेल्वेचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षकांचा खर्च आधीच झालेला असतो. अशा वेळी दुखरं मनगट पट्टीत गुंडाळून उतरणाऱ्या मुलीला मी नावं ठेवणार नाही. तिने औषधाच्या दुकानातून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेऊ नये, एवढं मात्र बजावेन. ट्रामाडॉल या वेदनाशामकावर १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी आहे.

उतरायचं ठरलंच, तर थांबायची अट आदल्या रात्री ठरवावी आणि प्रशिक्षकांना सांगून ठेवावी. कोर्टवर गेल्यावर तो निर्णय स्कोअर घेतो. ४-१ने पुढे असताना काहीच दुखत नाही, १-४ने मागे पडलं की तीच जागा ठणकायला लागते. दोन्ही वेळा शरीर तेच असतं. त्या क्षणी मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही. माझी अट साधी असते: कोपर खाली येताना सरांना दिसलं की ते खूण करतील आणि मी पंचांकडे जाईन. मग स्कोअर काहीही असो.

मोठ्या खेळाडूने स्वतःच्या जिवावर काय तो निर्णय घ्यावा. बारा-चौदा वर्षांच्या मुलांचा निर्णय मात्र आपण घेतो, आणि पुण्या-मुंबईच्या ज्युनियर स्पर्धांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती कंबरेची. वाढत्या वयात सर्व्हिस करकरून मणक्याच्या मागच्या हाडाला बारीक चीर पडते. पाठ मागे वाकवली की दुखतं, विश्रांती घेतली की थांबतं, म्हणून घरचे स्प्रे मारून पुन्हा उतरवतात. सुरुवातीला साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसतही नाही, एमआरआय लागतो. वेळेवर खेळ थांबवला तर बहुतेक मुलं काही महिन्यांत पूर्ववत खेळू लागतात. तेव्हा आई-बाबांनो, सर्व्हिस करताना मुलाची कंबर दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरू नका. आधी त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.