रिंगणाचा घोडा, पळसनाथाचं देऊळ

अण्णांचा स्टुडिओ बारामतीत होता आणि त्यात दोन कॅमेरे होते. एक याशिका मॅट. त्याला 120 ची फिल्म लागायची. तो पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघत फोटो काढायचा. दुसरा निकॉन एफएम टू, 35 एमएमचा, डोळ्याला लावायचा. यातला चांगला कुठला, असं मी शाळेत असताना विचारलं होतं. अण्णा निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "गिऱ्हाईक बसलंय का पळतंय, ते सांग आधी."

मिररलेस कॅमेऱ्यांची माहितीपत्रकं वाचताना मला हा प्रश्न जसाच्या तसा भेटतो. एका बाजूला 45 नाहीतर 61 मेगापिक्सेलवाले. दुसऱ्या बाजूला 24 मेगापिक्सेलवर थांबलेले, पण सेकंदाला 20, 30, अगदी 40 फोटो काढणारे. दोन्ही गुण एकाच डब्यात भरलेले कॅमेरेही निघालेत, सोनीचा ए वन, निकॉनचा झेड नाइन. पण त्यांची किंमत ऐकून लग्नाच्या ऑर्डरी घेणारा माणूस दुकानाच्या पायऱ्या उतरतो. आमच्यासारख्याला दोन्हींतलं एकच घ्यावं लागतं.

बसलेल्या गिऱ्हाइकाला याशिका. एका रोलमध्ये बाराच फोटो, पण निगेटिव्ह 35 एमएमच्या साडेतीन पट मोठी. भवानीनगरच्या साखर कारखान्यातल्या एखाद्या खात्याचा ग्रुप फोटो असला की अण्णा तिपाई, याशिका आणि एक बाकडं घेऊन जायचे. पाच रांगा, पुढची जमिनीवर मांडी घालून, मागची बाकड्यावर उभी. प्रिंट आली की प्रत्येक माणूस भिंगातून स्वतःला शोधायचा. त्या मोठ्या निगेटिव्हची खरी किंमत मात्र पुष्कळ वर्षांनी कळायची. घरातला माणूस जायचा आणि मग लक्षात यायचं, की त्याचा एकट्याचा फोटोच नाही. मुलगा कारखान्याचा ग्रुप फोटो घेऊन यायचा, शेवटच्या रांगेतल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचा. अण्णा कपाटातून निगेटिव्ह काढायचे, एन्लार्जर जेवढा वर जाईल तेवढा न्यायचे, आणि नखाएवढ्या चेहऱ्याचा हार घालण्याजोगा फोटो करून द्यायचे. तो 35 एमएमवर काढलेला असता, तर दाण्यांच्या धुक्यात नाक-डोळे विरघळले असते. आज ज्याला क्रॉप म्हणतात, ते आमच्या स्टुडिओत बहुतेक वेळा मयताच्या घरच्यांसाठी व्हायचं.

पळणारं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच यायचं. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून निघाली, की काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवाडीला पहिलं गोल रिंगण, मग इंदापूरचं. आधी झेंडेकरी धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी, टाळकरी धावतात, आणि शेवटी अश्व सुटतात. ते इतक्या लवकर संपतं, की पहिल्यांदा बघणारा शेजाऱ्याला विचारतो, झालं का? तोवर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला आत घुसलेले असतात.

अण्णा हे याशिकावर काढायचे. त्याच्या काचेत चित्र आरशासारखं उलटं दिसतं. घोडा उजवीकडे पळाला की काचेत डावीकडे पळतो. त्याच्यामागे कॅमेरा फिरवायला गेलं तर तो चौकटीतून निसटतोच. म्हणून अण्णा फिरवायचेच नाहीत. रिंगणातली एक जागा ठरवायची, तिथल्या एका झेंड्यावर फोकस लावून ठेवायचा, काचेकडे बघणं सोडून द्यायचं आणि घोडा झेंड्याशी आला की बटण दाबायचं. एका फेरीला एक फोटो. मी हाताशी आलो तेव्हा एफएम टू माझ्या गळ्यात पडला. त्याचा शटर सेकंदाच्या चारहजाराव्या भागापर्यंत जायचा, पण दर फोटोला अंगठ्यानं फिल्म ओढावी लागायची. त्याला खालून जोडायचं एक मोटर ड्राइव्ह मिळायचं, सेकंदाला तीनाच्या वर फोटो. अण्णांनी हिशोब केला: 36 चा रोल अकरा सेकंदांत खलास, वर धुलाई. मोटर ड्राइव्ह आमच्याकडे कधी आलं नाही.

घोड्याचा हा प्रश्न फोटोग्राफीत फार जुना. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, याचा छडा लावायला अमेरिकेत लेलँड स्टॅनफर्ड या धनिकानं एडवर्ड मायब्रिजला कामाला लावलं. जून 1878 मध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीवर मायब्रिजनं बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे ताणले. घोडी दोरे तोडत गेली तसे एकेक शटर पडत गेले, दोन फोटोंमध्ये सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग. पाय सुटतात हे सिद्ध झालं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार इतकी वर्षं पुढे-मागे फाकलेले पाय काढत आले होते. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. सेकंदाला वीस फोटो काढतो म्हणून ज्या कॅमेऱ्याची जाहिरात होते, त्याच्यापेक्षा मायब्रिजची बारा खोकी जलद होती.

डिजिटल आल्यावर मधली वर्षं भरभर गेली. निकॉनचा डी 90, 12 मेगापिक्सेल, सेकंदाला साडेचार फोटो. मग त्याच्या वरचे. रोलचा खर्च गेला आणि अण्णांच्या हिशोबाला अर्थ उरला नाही. हे कॅमेरे आरशाचेच होते, म्हणजे नेमक्या फोटोच्या क्षणी आरसा वर जाऊन डोळ्यापुढे अंधार. मिररलेसनं आरसाच काढून टाकला. सेन्सरवर जे पडतं, ते व्ह्यूफाइंडरमधल्या इवल्या पडद्यावर दिसतं, आणि कॅमेरा घोड्याचा, पक्ष्याचा, माणसाचा डोळा स्वतः शोधून धरून ठेवतो. मग प्रश्न उरला तो अण्णांचाच.

मी पुण्याहून दोन सोनी भाड्यानं आणले. एक ए सेव्हन आर फोर, 61 मेगापिक्सेल, सेकंदाला दहा. दुसरा ए नाइन, 24 मेगापिक्सेल, सेकंदाला वीस. लेन्स एकच, 200-600. माहितीपत्रकात जो आकडा मोठ्या अक्षरात नसतो, तो सेन्सर वाचायला लागणाऱ्या वेळेचा. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. 61 मेगापिक्सेलच्या त्या सेन्सरला पूर्ण वाचून व्हायला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. तेवढ्यात रिंगणातला घोडा सहज हातभर पुढे सरकतो, म्हणजे फोटोत मुंडकं आधीचं आणि टापा नंतरच्या. झेंड्याची काठी तिरपी. मेकॅनिकल शटर लावला की हे दुखणं जातं, पण वेग सेकंदाला दहाचाच राहतो आणि प्रत्येक फोटोला खटका वाजतो. 2017 मध्ये आलेल्या ए नाइनच्या सेन्सरला पाठीमागे मेमरी चिकटवलेली आहे. तो सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या आसपास वाचून मोकळा होतो. काठी सरळ, टापा जागच्या जागी, आवाज नाही, डोळ्यापुढे अंधार नाही.

मग 61 मेगापिक्सेल कशाला? त्याचं उत्तर पळसदेवला आहे. उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसनाथाचं देऊळही गेलं. धरणाचा साठा फार उतरला की आधी शिखर वर येतं, मग एखाद्या कडक उन्हाळ्यात सगळं देऊळ. 2024 च्या उन्हाळ्यात ते असं उघडं पडलं. खांबांवरची नक्षी, दगडांच्या सांध्यात वाळलेला गाळ, गाळात रुतलेले शिंपले. इथे जेवढे पिक्सेल मिळतील तेवढे थोडे. पावसाळ्यात पाणी परत चढलं, की पुन्हा कधी दिसेल ते मान्सूनवर.

पण त्या देवळासमोर तिपाई लावून उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. देऊळ हलत नाही. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यानं त्याचे आठ-दहा तुकडे एकावर एक थोडे चढवून टिपले आणि घरी संगणकात जोडले, तर शंभराच्या पुढे मेगापिक्सेल सहज होतात. 61 मेगापिक्सेलचा तो सोनीसुद्धा हेच करतो: सेन्सर किंचित किंचित सरकवत सोळा फोटो घेतो आणि त्यांतून 240 मेगापिक्सेलचा एक करता येतो, मात्र समोरचं पान हलता कामा नये. म्हणजे स्थिर वस्तूसाठी बारकावा नंतर कमावता येतो, फक्त वेळ द्यावा लागतो. रिंगणातला जो क्षण दोन फोटोंच्या मधल्या फटीत पडला, तो कुठलंच सॉफ्टवेअर खरेपणानं परत आणून देत नाही. माझ्या लेखी निवड इथेच झाली.

याला खरा अडथळा आणतं ते भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकादंब येतात, कैकर मासे उचलतो. हे गिऱ्हाईक पळणारंही आहे आणि लांबही. 61 मेगापिक्सेलच्या फोटोतला मधला भाग क्रॉप केला, तर 600 ची लेन्स 900 सारखी होते आणि हातात 26 मेगापिक्सेल राहतात. 24 मध्ये तेवढाच क्रॉप केला की दहा उरतात. पक्षी टिपणारी मंडळी मोठ्या सेन्सरवर जीव टाकतात ती यासाठी, आणि त्यांचं चूक नाही. अण्णांच्या कपाटातली ती शेवटची रांगच ही. पण भिगवणला ऊन वर आलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. लांबच्या पक्ष्याच्या कडा त्या हवेतच लाटांसारख्या हलतात. त्यावर 61 मेगापिक्सेल लावले, तर थरथर तेवढी बारकाईनं मिळते, पीस काही मिळत नाही. सकाळी लवकर जाणं आणि बेतानं होडी चालवणारा नावाडी, या दोन गोष्टी मला भिगवणला सेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

गवताळ रानाचं तसंच. वनविभागानं 2024 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला सफारी सुरू केली. चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा. लांडगा खटक्याच्या आवाजानं कान टवकारतो, आणि मग पाठच दाखवतो. बिनआवाजी शटर आणि तरीही न वाकलेले पाय, हे इथे कामाला येतं.

राहिली लग्नं, ज्यांच्यावर घर चालतं. आमच्याकडचा अल्बम 12 बाय 36 इंचाचा. त्यावर एकच फोटो आडवा पसरायचा आणि 300 डीपीआयचा आग्रह धरायचा, तर रुंदीला 10800 पिक्सेल लागतात. 61 मेगापिक्सेलचा सोनी 9504 देतो, म्हणजे तोही पुरत नाही. 24 वाला 6000 देतो. छापून आल्यावर दोन्हींतला फरक अजून एकाही नवरदेवाच्या मामानं मला विचारलेला नाही. पुढे तो फोटो व्हॉट्सॲपवर जातो, तिथे नेहमीच्या पद्धतीनं पाठवला तर लांब बाजूला 1600 पिक्सेल उरतात. फ्लेक्सचं काय सांगायचं! बारामतीत फ्लेक्स किती फुटी आहे आणि आपला चेहरा साहेबांपासून कितवा, एवढंच बघतात. मेगापिक्सेल कुणी मोजत नाही.

वेगाचा खर्च वेगळ्या जागी बसतो. चार सेकंद बटण दाबून धरलं की ऐंशी फोटो. एका रिंगणातून घरी आलो की रात्री संगणकापुढे, एकसारख्या दिसणाऱ्या घोड्यांतून एक निवडायचा. अण्णा निवड आधी करायचे, झेंड्यापाशी उभं राहून; मी नंतर करतो. त्यांच्या पद्धतीतलं एक मी ठेवलंय. अजूनही जागा ठरवतो, तिथेच उभा राहतो आणि घोडा येईपर्यंत बटणाला हात लावत नाही. मग मात्र वीसच्या वीस घेतो.

मी जुना ए नाइन घेतला. ज्याचं काम इमारती, दागिने, चित्रं, ग्रुप फोटो यांचं आहे, त्यानं डोळे मिटून मोठा सेन्सर घ्यावा; त्याला सेकंदाला तीन फोटोही पुष्कळ. ज्याच्यापुढे घोडा, पक्षी, कबड्डी आणि अंतरपाट बाजूला होण्याचा क्षण आहे, त्यानं 24 मेगापिक्सेलला नाक मुरडू नये. उरलेले पैसे लेन्सला लावावेत.

आणि भिगवणला जाणार असाल, तर एक. जलद कॅमेरे आल्यापासून उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थव्यावर घालायला सांगणारे वाढलेत. रोहित चिखलात चोच उलटी घालून चरत असतात. प्रत्येक वेळी उठवलं की त्यांचं चरणं मोडतं, आणि दिवसभरात एका मागून एक होड्या येतात. नावाड्याला निघण्याआधीच सांगा, थवा उठवायचा नाही, आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या. डोक्यावरून एखादी शिकारी घार गेली की थवा आपणहून उठतो. तोवर होडी लांब उभी करून थांबा.