मोजणारा की माहीत असणारा?

काल एका सरकारी कार्यालयात सत्तरीच्या आजी पेन्शनसाठी उभ्या. बाबू म्हणाला, "कॉम्प्युटर तुम्हाला मयत दाखवतंय." आजी समोर उभ्या, तरी!

गंमत बघा, इंग्रजीत 'कॉम्प्युटर' आधी माणूसच होता. १६१३ च्या पुस्तकात हा शब्द हिशोब करणाऱ्या माणसासाठी आलाय. यंत्राला नाव चिकटलं ते नंतर. आपला 'संगणक'ही मोजणाराच. फिनलंडवाले मात्र 'तिएतोकोने' म्हणतात. तिएतो म्हणजे माहिती, ज्ञान. कोने म्हणजे यंत्र. शब्द भारी आहे, पण माहिती भरतो माणूसच ना? आजींना मयत कोणी केलं, विचारलं. "वरूनच आलंय." अर्ज लिहून दिला. पोच मागितली, तर म्हणे साहेब जेवायला गेलेत.