आधीं थेंब पाहावा

मुलांची उंची ही आमच्या पिढीनें दैवाकडे सोपविलेली बाब होती. "आजोळच्या वळणावर गेला" एवढें म्हटलें कीं विषय संपे. मस्तकांतील पीयूष ग्रंथि वाढीचा स्राव पुरेसा निर्माण करीत नसेल, तर तो बाहेरून देतां येतो, हें ज्ञान त्या मानानें अलीकडचें. पूर्वीं हें औषध मृत माणसांच्या ग्रंथींतून काढीत. त्यापायीं कांहीं रुग्णांस मेंदूचा प्राणघातक रोग जडल्याचें १९८५ सालीं उघडकीस आलें, आणि त्याच वर्षीं सूक्ष्म जंतूंकडून तयार करविलेलें औषध अमेरिकेंत मान्य झालें. आज तसलेंच औषध आमच्या नऊ वर्षांच्या नातवास रोज रात्रीं दिलें जातें.

देण्याचें साधन म्हणजे इंजेक्शनचें पेन. मागील टोक फिरवून मात्रा लावावयाची, सुई त्वचेखालीं घालून कळ दाबावयाची, आणि दहापर्यंत अंक मोजून मग सुई काढावयाची. हें काम सूनबाई फार सफाईनें करतात.

गेल्या श्रावणांत एके रात्रीं कळ मध्येंच अडली. सुई काढतांच मांडीवर औषध ओघळलें. आंत किती गेलें आणि वायां किती गेलें, कोणासच सांगतां येईना. कोणी म्हणे, पुन्हां टोंचावें. कोणी म्हणे, उद्यां दुप्पट द्यावें. आणि "तूंच हाललास" हा ठपका मुलावर आला. दुसरे रात्रीं तो बिचारा श्वास कोंडून दगडासारखा निश्चल बसला. तरी कळ अडलीच.

न्यायशास्त्रांत प्रमाणांमध्यें प्रत्यक्षास पहिलें स्थान आहे. मीं म्हटलें, तर्क पुरे झाले, आतां पाहूं या. माहितीपत्रकाप्रमाणें नवी सुई बसवून, पेन उभें धरून कळ दाबली. टोकाशीं थेंब यावयास हवा होता. तो आला नाहीं. दुसरी सुई लावली, तरी नाहीं. जें पेन नुसत्या हवेंतहि चालत नाहीं, त्याचा दोष मुलाच्या मांडीकडे कसा जाईल?

डॉक्टरांनीं सांगितलें कीं, संशयित मात्रा पुन्हां देऊं नये, दुसरे दिवशीं दुप्पटहि करूं नये; एखाद्या दिवसाच्या खंडानें वाढ थांबत नाहीं. विक्रेत्यानें आरंभीं "आपणच नीट वापरीत नसाल" असें उत्तर दिलें. सूनबाईंनीं तारीख, वेळ, मात्रा, पेनावरील क्रमांक आणि चांचणीचा निकाल वहींतून वाचून दाखविला, तेव्हां पेन बदलून मिळालें.

हा उपचार वर्षानुवर्षें चालावयाचा असतो, व तो मुलाच्या राजीखुषीवांचून चालत नाहीं. यंत्र बिघडलें तर बदलून मिळतें. परंतु "माझ्यामुळें बिघडलें" ही समजूत बालमनांत रुजली, तर ती काढणें कठीण. यास्तव ज्या घरीं असें पेन असेल, तेथील वडीलधाऱ्यांनीं आधीं थेंब पाहावा, मग मुलास बोलावें.