रोज नव्याने घ्यायचा निर्णय

सोलापूरच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मघर स्मारक म्हणून जपलेले आहे. त्यांची कथा आपण सांगतो ती एका झेपेची. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर धाडले, त्यांत हा सत्तावीस वर्षांचा तरुण निघाला आणि पुन्हा परतला नाही. मला मात्र या झेपेपेक्षा तिच्यानंतरची चार वर्षे मोठी वाटतात. बोटीत पाऊल टाकायला उमेद पुरते. पुढे उमेद ओसरते, आणि माणूस आपल्या शब्दाशी अजून जुळून आहे का, हे तेव्हा तपासावे लागते. पथक काही कायमचे गेले नव्हते, परतीची वाट मोकळी होती. वडील गेल्याची बातमी परमुलखातच कळली. त्या वेळी ते घरी आले असते तर कुणीही नावे ठेवली नसती. पथकातले अटल, चोळकर, मुखर्जी हे डॉक्टर एकेक करून मायदेशी आले. दर वेळी जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला असणार, आणि १९३८ चे उत्तर १९४० मध्ये चालण्यासारखे नव्हते.

यावर कुणी म्हणेल, त्यांच्या मनात काय चालले होते हे आपल्याला काय ठाऊक? कदाचित ते परिस्थितीच्या ओघात राहून गेले असतील. शंका रास्त आहे. पण ओघात राहिलेला माणूस आणि विचार करून राहिलेला माणूस यांच्या वागण्यात फरक पडतो. जखमी शिपायाला कुठे दुखते हे दुभाष्याकडून कळले तरी शस्त्रक्रिया उरकता येते. पाहुण्या डॉक्टरला तेवढे पुरते. कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहा-वाचायला शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१ च्या जानेवारीत त्यांनी बेथ्यून रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली, वर्षअखेरीस तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. कम्युनिस्ट पक्षात मात्र ते १९४२ मध्ये गेले, म्हणजे चीनला पोचल्यावर जवळजवळ चार वर्षांनी. त्या पक्षाबद्दल कुणाचे मत काहीही असो, हा उशीर मला बोलका वाटतो. भारावून गेलेला माणूस इतका थांबत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. स्वतःकडे इतके पाहणाऱ्याला स्वतःचे शरीर कसे दिसले नाही? अपस्माराचे झटके येत होते, तरी कामाचा रगाडा चालूच राहिला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. या हट्टाला मी त्याग म्हणून झाकणार नाही. आत्मपरीक्षण करणाऱ्याच्या नजरेलाही आंधळी जागा असते, आणि ती बहुधा तिथेच असते जिथे काम सर्वांत प्रिय असते. म्हणून राहणे हेच खरे आणि परतणे म्हणजे माघार, असेही मला म्हणवत नाही. पथकातले डॉ. बसू १९४३ मध्ये भारतात आले. पुढे चीनमध्ये जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ती उपचारपद्धत रुजवत राहिले.